आईच्या विळीला धार लागली

वहिनी,

सकाळी सायकलवरचा धारवाला आला होता. त्याच्या चाकातून ठिणग्या इतक्या निवांत उडत होत्या, की लिंबाखाली बसून बघता बघता मी घरातलं एकेक त्याला देतच गेलो. कोयता, खुरपी, तुमची कांद्याची सुरी. उलथण्यालाही धार लागली आहे, चपाती जपून उलटा.

त्याच तंद्रीत आईची माहेरची विळीही दिली. ती बोथट का ठेवली होती, हे तो गेल्यावर ध्यानात आलं. आई हल्ली भाजी बघून चिरत नाही, चाचपून चिरते. परवा मी हसलो, तर म्हणाली, "इळी बोथट न्हाय रं, समजूतदार हाय." आता ती समजूत गेली. तासभर पायरीवर घासून धार मोडायला बघितली. पायरी झिजली, विळी तशीच.

आई निमगावच्या बाजारातून येऊन विळीपुढं बसायच्या आत मी ती घेऊन बारामतीला निघालोय, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. कंडक्टर फारच बोलला, तर विळीचं अर्धं तिकीट काढीन.

मोतीबिंदूचं नाव काढलं की आई उठून जाते, म्हणून ते काढूच नका. विळी बारामतीत अडकली आहे आणि मालकिणीलाच मिळेल, एवढंच सांगा. उद्या पहिल्या गाडीनं येईल बघा.

डॉक्टरांना सांगून ठेवतो, चार विळ्या मांडा, आपली ओळखली तरच द्या. लांबून, हात न लावता.

शिवम