पायरीवरचं पाणी

१३ जानेवारी, मंगळवार

रोजगार कार्यालयात मुलाखतीच्या तयारीचा वर्ग. सक्तीचा! गेलं नाही तर यादीतून नाव कापतात. अकरा बाया, सगळ्या आमच्या बंद पडलेल्या सूतगिरणीतल्या. शिकवायला यावोर नावाचं पोरगं — नारिंगी बूट, घोटे उघडे. जानेवारीत, आमच्या स्लिव्हेन गावच्या वाऱ्यात! ज्याला मोजे घालायचं कळत नाही तो आम्हाला कपडे कसे घालावेत ते सांगणार.

आज शिकलो: हात घट्ट मिळवायचा पण दाबायचा नाही. समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधोमध बघायचं. खुर्चीला पाठ टेकायची नाही. एकतीस वर्षं गिरणीत माल तपासला, पाठ टेकायला खुर्ची होती कुठे? हा जन्मला तेव्हा मी तपासनीस झाले होते.

१४ जानेवारी

मुलाखत बावीसला. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणारा नवा कारखाना. तपासनीसाची जागा एकच.

मिळाली तर राहीन. नाही मिळाली तर एक फेब्रुवारीची इटलीची बस. तिकडे बारी शहरात कुठल्याशा परक्या म्हातारीचं अंग पुसायचं, आणि इथली म्हातारी वृद्धाश्रमात. तिथला अर्ज भरून फ्रीजच्या दाराला लावलाय. सासूबाई येतात, अर्जाकडे बघतात, दही काढतात, दार लावतात.

त्यांचा मुलगा नऊ वर्षांपूर्वी संत्री तोडायला स्पेनला गेला आणि तिकडेच एका बाईबरोबर राहिला. आई माझ्या पदरात टाकून गेला. घर म्हातारीचं म्हणून मी राहिले. शेजारच्या मिंचोला वाटतं, मायेने राहिले. मिंचोला काय, काहीही वाटतं.

१५ जानेवारी

आजचा गृहपाठ: आरशासमोर हसण्याचा सराव. केला. बिचारा आरसा.

१६ जानेवारी

आज 'तुमचा दोष काय?' या प्रश्नाचं उत्तर. खरा दोष सांगायचा नाही म्हणे! दोषासारखा दिसणारा गुण सांगायचा. 'मी जरा जास्तच मेहनत करते.' अकरा बायांकडून एका सुरात पाठ करून घेतलं, शाळेत प्रार्थना घेतात तसं. आता मालकासमोर अकराजणी ओळीने हेच म्हणणार. तो मालकही मूर्खच असेल, पण इतका?

शेवटी मी विचारलं, यावोर, तुम्ही स्वतः किती मुलाखती दिल्यात? कान लाल झाले त्याचे. एकही नाही. काकाने चिकटवला! लोकांना पोहायला शिकवतोय, आणि स्वतः काठावरून पाणीसुद्धा पाहिलेलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

यावोरचा हुकूम — घरच्या माणसाबरोबर सराव करा. घरचं माणूस म्हणजे कोण, तर म्हातारी. बीन्सच्या सूपचं पातेलं बाजूला सारून टेबलामागे बसली. चष्मा लावला, हातात पेन्सिल. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाईला साहेबीण व्हायची काय हौस!

नाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाली, "घरी कोण असतं तुमच्या?"

"एक म्हातारी."

"ओझं आहे का तिचं?"

मी म्हटलं, "हो."

खरंच म्हटलं. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. तिने कागदावर काहीतरी लिहिलं आणि शांतपणे म्हणाली, "पुढचा प्रश्न." नंतर कागद पाहिला. अंडी, साबण, मीठ.

यावोरपेक्षा बरी घेते मुलाखत, एवढं मान्य.

२० जानेवारी

म्हातारीची तयारी वेगळीच चाललीय! घरातलं माणूस परीक्षेला, लग्नाला, फौजेत निघालं की दारात पाणी ओतायचं. त्यात उजवा पाय टाकून निघायचं आणि मागे वळून बघायचं नाही. मग काम पाण्यासारखं सुरळीत जातं म्हणे. परवासाठी बादली आजच घासून ठेवलीय.

मी म्हटलं, आई, बाहेर उणे नऊ आहे. पाणी वाहणार नाही, गोठेल. म्हणाली, मग तू पटकन निघ. शेवटी मी चिडले. ओतायचं नाही म्हणजे नाही!

"गिरणीच्या पहिल्या दिवशी मीच ओतलं होतं," ती म्हणाली. "एकतीस वर्षं टिकलीस ना?"

"गिरणी बुडाली, आई."

"ती काय माझ्या पाण्यात बुडाली?"

अडाण्यांशी वाद घालू नये.

२१ जानेवारी

ब्लाउज इस्त्री केला. भुवयांच्या मधोमध बघायचा सराव मांजरावर केला. मांजर उठून गेलं.

२२ जानेवारी, गुरुवार

कुठून सुरुवात करू.

सहाला दार उघडलं तर म्हातारी पायरीवर, शाल गुंडाळून, बादली रिकामी. पायऱ्या चकचकीत. मी नको ते बोलले. 'तुमच्या खुळांपायी एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल' असं म्हटलं. कठडा धरून उतरले. डावा पाय मुद्दाम पुढे टाकला.

फाटकाशी पोचते तोच मागे धप्प आवाज. तिचा आवाज आला — "मागे वळू नकोस! जा!"

नाही वळले. बादली पडली असेल असं स्वतःला सांगितलं. बस यायची होती. खरं लिहायचं तर, बादली तशी वाजत नाही.

मुलाखत. टेबलामागे बाई, माझ्याच वयाची, दमलेली. दोष काय, विचारलं. माझ्या आधीच्या चारजणींनी जास्त मेहनतीचं सांगून झालं असणार, तिच्या तोंडावरच दिसत होतं. मी म्हटलं, मी सगळ्यांना मूर्ख समजते. बाईने मान वर केली. विचारलं, आणि ते असतात का? मी म्हटलं, बहुतेक असतात, म्हणून तर माझ्या हातून खराब माल सुटत नाही. ती हसली. मग टेबलावर दोन कव्हरं टाकली. दुसऱ्याची शिवण तिसऱ्या टाक्यापासून सैल होती. बोट ठेवून दाखवली.

हात मिळवायचा राहूनच गेला.

घरी आले तर दारात मिंचो. म्हातारी दवाखान्यात. खुब्याचं हाड मोडलंय.

२३ जानेवारी

मिंचोने सगळं सांगितलं. तो धावत आला तेव्हा मी थांब्यावरच उभी होते, कुंपणावरून दिसत होते. तो हाक मारणार तर हिने त्याची विजार धरून ठेवली. म्हणे, "हाक मारलीस तर तुझ्या कुत्र्याला विष घालीन." बस सुटेपर्यंत तशीच बर्फावर पडून राहिली. मग म्हणाली, आता बोलाव कुणाला बोलवायचंय ते.

दवाखान्यात मला बघून पहिला प्रश्न — "उजवा पाय टाकलास ना?"

हो म्हटलं. यावोरने शिकवलेलं गोड खोटं अखेर कामी आलं.

२४ जानेवारी

डॉक्टर सोमवारी ऑपरेशन करणार. या वयात भूल झेपेल का, सांगता येत नाही म्हणाले. घरून काय काय आणायचं ते विचारून आले. यादी करायला कागद मिळेना. फ्रीजवरचा अर्ज काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: लोकरीचे मोजे, कवळीची डबी, चष्मा.

२५ जानेवारी

मिंचोने पायऱ्यांवर मीठ टाकलं. तरी मी कुदळीने बर्फ फोडत बसले. तासभर. तिचं काहीच चुकलं नाही, मीच फाटकातून परत फिरले नाही.

२६ जानेवारी, सोमवार

आठ वाजता कारखान्यातून फोन. नोकरी मिळाली. पुढच्या सोमवारपासून.

तिला सांगायला धावले तर तिला घेऊन ढकलगाडी निघालीच होती. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. ऑपरेशनच्या दारासमोर सगळी ओतली. चाकं त्यातूनच गेली. डोळे मिटूनच म्हातारी म्हणाली, "गोठणार नाही ना?"

सफाईवाली फडकं घेऊन ओरडत आली. मी तिच्या फडक्यावर पाय ठेवून उभी आहे. आतून कुणी बाहेर येईपर्यंत पुसू देणार नाही.