टोकन, प्रतीक्षा आणि माझा प्रबंध

६ जानेवारी २०२५, सोमवार
विद्यापीठाचा ईमेल. एप्रिलअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. उत्तम. माझं काम दबावाखाली खुलतं. विषय ठरलेला आहे: ओपीडीतली रुग्णांची प्रतीक्षा कमी करणे. पेणच्या या धर्मादाय रुग्णालयात मी प्रशासन अधिकारी. इथे लोक बाकड्यावर बसतात, 'तुमच्या आधी कोण?' असं एकमेकांना विचारतात आणि आत जातात. याला पद्धत म्हणत नाहीत. मी टोकन आणणार. उद्यापासून पहाटे उठून लेखन.

७ जानेवारी
पहाटे उठलो नाही. पण अंथरुणातच प्रकरण दोनची रचना डोक्यात पूर्ण झाली. वनिताचं म्हणणं, घोरत होतात. बायकोला कसं सांगणार? विचार करताना माझा श्वास जड होतो.

११ जानेवारी, शनिवार
रोह्याला गाइडकडे. डॉ. सारा रोहेकर, निवृत्त प्राध्यापक. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. गणगोत सगळं इस्रायलला गेलं, मुलगी लीया तिकडून बोलावत असते, पण बाई कुंडलिकेकाठचं घर सोडत नाहीत. शनिवारी त्यांचा शब्बाथ, सक्तीच्या विश्रांतीचा दिवस. कागदाला हात लावत नाहीत. मला ते माहीत होतं. तरी गेलो. प्रयत्न महत्त्वाचा. मॅडमनी विचारलं, सुशील, तू नेमका शनिवारीच कसा रे येतोस? म्हटलं, गाडीला गर्दी कमी असते.

३ फेब्रुवारी, सोमवार
टोकन सुरू! मशीन मंजूर झालं नाही, म्हणून प्लास्टिकचे नंबर घातलेले बिल्ले. पूर्वी लोक नऊला यायचे, आज उजाडायच्या आत गेटवर रांग. पहिला नंबर मिळावा म्हणून. याला उत्साह म्हणतात.

५ फेब्रुवारी
महिपती शिपायाची तक्रार, बिल्ले परत येत नाहीत. दर आठवड्याला तपासायला येणाऱ्या केरूआजोबांनी त्यांचा किल्ल्यांच्या जुडग्याला लावलाय. नव्या पद्धतीबद्दलची आपुलकी!

२३ फेब्रुवारी, रविवार
मॅडमनी मुद्दाम रविवारी बोलावलं. पर्याय उरला नाही. आकडे दाखवले: सरासरी प्रतीक्षा घटली. त्यांनी विचारलं, बिल्ले घेतले तितके रुग्ण तपासलेले दिसत नाहीत, बाकीचे गेले कुठे? म्हटलं, काही जण कंटाळून घरी जातात, त्यांची प्रतीक्षा मी शून्य धरली आहे. मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, म्हणजे सगळेच घरी गेले तर तुझा प्रयोग शंभर टक्के यशस्वी. मी थँक्यू म्हटलं. परतताना नागोठणं गेल्यावर लक्षात आलं की ते कौतुक नव्हतं.
एक आकडाही बदलणार नाही.

४ मार्च, मंगळवार
ओपीडीत गोंधळ. जिते गावाजवळच्या कातकरी वाडीवरची कमळी, वीटभट्टीवर कामाला जाते. कडेवर तापलेली पोरगी, रोशनी. कालही आली होती. नंबर येईपर्यंत गाडीची वेळ झाली म्हणून न दाखवताच गेली. आज पुन्हा शेवटचा नंबर. थेट माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "साहेब, पयलं बाकड्यावरच्या बायांना सांगितलं का पोर लय तापलीय, का म्होरं जाऊ द्यायच्या. आता समदी आकडा दाखवतात." मी शांतपणे समजावलं, नंबर सर्वांना समान असतो. तिने बिल्ला माझ्यापुढे ठेवला. "मंग ह्यालाच तपासा." आणि निघाली.
मी खुर्चीतून हललो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.
मग पाणी प्यायला उठलो. कूलर टेबलाशेजारीच आहे, पण मी गेटपर्यंत गेलो. कमळी तिथेच होती. पोरीच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. दोघींना सगळ्यांच्या पुढे घालून डॉक्टरांकडे नेलं. लोक ओरडले. म्हटलं, ओरडा! न्यूमोनिया निघाला. लगेच दाखल केलं.
हा पद्धतीचा भंग नव्हे. याला आपत्कालीन व्यवस्थापन म्हणतात.

१८ मार्च
रोशनी बरी होऊन घरी गेली होती, आज फेरतपासणीला आली. कमळी आभार मानेल म्हणून दारात उभा राहिलो. ती म्हणाली, ते बिल्ले काढा आधी. काढणार नाही.

२१ मार्च
काढले. धुवायला.
प्रकरण चार नव्याने लिहितोय. घरी गेलेल्यांनाही मोजायचं ठरवलं. मॅडम म्हणाल्या म्हणून नाही, कमळी म्हणाली म्हणूनही नाही. मला स्वतःला सुचलं. आकडे फारच उद्धट निघाले: टोकनमुळे प्रतीक्षा वाढली. तेच लिहिणार. ज्याला नापास करायचं असेल त्याने करावं.

३० एप्रिल, बुधवार
प्रबंध दिला. मॅडमनी सुचवलेलं शीर्षक: 'ओपीडीतील टोकन पद्धत: एक फसलेला प्रयोग'. मी ठणकावून सांगितलं, हे शीर्षक मला मान्य नाही. मॅडम म्हणाल्या, बरं. छापून तेच आलं.

१२ जून, गुरुवार
व्हायवा. पास! परीक्षक म्हणाले, स्वतःचं अपयश इतकं पुराव्यानिशी सिद्ध करणारा विद्यार्थी पहिल्यांदाच पाहिला. यातला 'पहिल्यांदाच' हा शब्द महत्त्वाचा.

१४ जून, शनिवार
वनिताचा भाऊ भरत याने हौसेने नाक्यावर बॅनर लावलाय. माझा एकट्याचा फोटो सापडला नाही, म्हणून आमच्या लग्नातला टाकलाय. दोघं हार घालून हसतोय. वर 'हार्दिक अभिनंदन'. शीर्षक लांब होतं म्हणून भरतने अर्धंच घेतलं. त्यामुळे आमच्या फोटोखाली लाल अक्षरांत एवढंच: 'एक फसलेला प्रयोग'.
भरतला म्हटलं, आत्ताच्या आत्ता उतरव. तो म्हणाला, भावोजी, आता पावसाळाभर राहू द्या, कापड चांगलं हाय.
वनिताला दाखवायला नेलं. बाजारची पिशवी खाली ठेवून तिने नीट वाचलं. मला वाटलं, आता चिडेल आणि भावाला फोन करेल.
म्हणाली, "अहो, मजकूर बरोबर आहे. लाल रंग जरा जास्त झालाय."