ओढ्याकाठचा आग्यावेताळ

आई,

काल तुझी गोष्ट ऐकायला माणसं गाड्या करून आली होती, आणि मीही त्यांच्यातच बसले होते. तू ऐकलं असतंस तर हसली असतीस. मी मात्र कालपासून नुसती धुमसतेय. सकाळी दूध उतू गेलं तरी माझं लक्ष नव्हतं.

आपल्या वाडीखाली, ओढ्याच्या पलीकडे आता तंबू लागतात. शनिवार-रविवारी पुण्यामुंबईची माणसं येतात, कणसं भाजतात, फोटो काढतात. तुझ्या नातीच्या ऑफिसातली मंडळी निघाली, तेव्हा ती म्हणाली, तुझं माहेर तिकडेच ना, चल. दिवेलागणीला तंबूवाल्यानं सगळ्यांना ओढ्याच्या काठावर नेलं आणि आवाज खाली आणून सुरुवात केली. ‘‘हितं आग्यावेताळ निगायचा. आगीचा गोळा! गरागरा फिरत वर चढायचा. आमच्या आज्यानं सोताच्या डोळ्यांनी बगितलाय.’’ मग पाहुण्यांची हुशारी सुरू झाली. एक म्हणाला, दलदलीतला वायू पेटत असणार. दुसरा म्हणाला, उल्का. एका मुलीनं गोळ्यासारखी वीज असते म्हणून मोबाईलवरचं वाचून दाखवलं. वायू सुचला, उल्का सुचली, वीज सुचली. कामावरून चालत घरी येणारी बाई एकालाही सुचली नाही गं! मला तिथं बसवेना. मी उठून तंबूकडे गेले आणि पाणी प्यायले.

बाबा गेल्यावर तू लोणावळ्याच्या कडेच्या चिक्कीच्या भट्टीवर जायला लागलीस. एकदा सुट्टीत मला घेऊन गेली होतीस, ते आठवतं? गुळाचा पाक कढईत फुगतोय, तू दोन्ही हातांनी जाड लाटणं रेटतेयस, आणि मी दाराशी बसून तुटके तुकडे खातेय. काम उरकलं की भट्टीतले निखारे तू तुपाच्या जुन्या डब्यात भरायचीस. डब्याला खिळ्यानं भोकं पाडलेली होती, वर तारेची लांब कडी. घरी त्याच निखाऱ्यांवर चूल पेटायची. मी एकदा त्याला हात लावला म्हणून तू असा धपाटा घातला होतास की पाठ लाल झाली.

त्या दिवशी परतताना ओढा ओलांडल्यावर तू थांबलीस. पदर खोचलास आणि डबा तारेनं गरागरा फिरवायला लागलीस. निखारे फुलले, ठिणग्या उडाल्या, अंधारात आगीचं एक मोठं कडं उभं राहिलं. मी किंचाळले. तू हसत म्हणालीस, ‘‘ह्यो बग तुमचा आग्यावेताळ. वारं न्हाई लागलं तर इस्तू इझतो. वाट बी दिसती, जनावर बी लांब ऱ्हातं.’’ मग डबा खाली घेत म्हणालीस, ‘‘अन् माणूस बी. कुणाला सांगू नगंस.’’ एवढं मोठं गुपित तू मला दिलंस. मी सात-आठ वर्षांची होते.

मला राग येतो तो आपल्या वाडीचा. वर्षानुवर्षं तो गोळा ओढ्यापाशी दिसायचा, चढणीला विझायचा, आणि जरा वेळानं त्याच वाटेनं तू यायचीस, हातात धुमसता डबा. हे दोन आणि दोन कुणाला जुळवता येऊ नये? उलट तुलाच विचारायचे, ‘‘वाटंत दिसला का गं?’’ आणि तू सरळ तोंडानं सांगायचीस, ‘‘दिसला की. माज्या म्होरंच व्हता.’’ त्या गोळ्याच्या नावानं नारळ फोडायला सगळे पुढे, पण एकटी बाई रोज अंधारात कशी येते, हे बघायला एकाचं पाऊल ओढ्यापर्यंत गेलं नाही. भुताला घाबरणं सोपं असतं, त्यात कुणाला सोबत करावी लागत नाही.

मग ती संध्याकाळ. शेजारच्या आबांच्या ओट्यावर आम्ही पोरं आणि म्हातारी माणसं बसलो होतो. खाली गोळा फिरायला लागला. एकदम तो वेडावाकडा झाला, खाली आपटला, ठिणग्या पसरल्या आणि तिथंच जमिनीवर लाल पडून राहिला. आबा उठले. ‘‘बसलाय बग. आज कुणाचा तरी घास घेतोय. पोरं आत घ्या, दारं लावा.’’ दारं लागली. तू घरी आलीस तेव्हा भात कधीचा गार झाला होता. घोटा मोडलेला, कोपरं सोललेली, बसत-सरपटत सगळी चढण चढून आलेली. तो पाय पुढे कधी नीट पडलाच नाही. चुलीला टेकून तू एवढंच विचारलंस, ‘‘इस्तू पडल्याला कुणालाच दिसला न्हाई व्हय?’’ मी म्हटलं, नाही, आम्ही आत होतो.

काल निघताना मी तंबूवाल्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, तो आग्यावेताळ म्हणजे माझी आई होती. तो हात जोडून म्हणाला, ‘‘मावशी, असंल बी. पण ष्टोरी नका खराब करू. बाईचा डबा बगाय कोन येतंय हितं?’’ मी त्याला नाही नाही ते बोलले. तू पडलीस तेव्हा दारं लावून बसलेली आख्खी वाडी काढली, आबांनाही सोडलं नाही. तुझ्या नातीनं ते सगळं ऐकलं. बेगडेवाडीला आमच्या घराशी गाडीतून उतरताना तिनं विचारलं, ‘‘मग आजी पडली तेव्हा तूसुद्धा तिथंच होतीस ना?’’ मी म्हटलं, लहान होते, मला दिसलं नाही.

हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून तांदळाच्या पिंपात, अगदी तळाशी ठेवणार आहे.

मला दिसलं होतं, आई. डबा आपला आहे हेही एकट्या मलाच माहीत होतं. आबा म्हणाले आत हो, आणि मी आत झाले. कडी मीच लावली.