नव्वद दिवसांचं पान

५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

स्वेटर पोचला. बाह्या एवढ्या लांब, की मी अजून वाढत्या अंगाची आहे असं तुला वाटतं की काय? असो. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि हे निम्मं सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाची वही असते. प्रयोग करणाऱ्याने लिहायचं आणि दुसऱ्या कुणी ते पान वाचून खाली ‘वाचले, समजले’ असं लिहून सही करायची. सरांच्या पानांवर सहा वर्षं माझी सही असते. हो, तेच सर, ज्यांनी मला हे काम हाताला धरून शिकवलं. गेल्या शुक्रवारी मी काचेची भांडी विसळत होते. त्यांनी वही पुढे केली, मी हात पुसले आणि न वाचता चार पानांवर सह्या ठोकल्या.

ती पानं बाळांच्या दूध पावडरीच्या डब्याला आतून लावायच्या नव्या थराच्या चाचणीची होती. ओव्हनमध्ये नव्वद दिवस उबेत टिकला, तरच तो कारखान्यात जायचा. वहीत लिहिलंय, नव्वद दिवस पूर्ण, थर शाबूत. काल ओव्हन उघडला, तर डब्यांवरच्या चिठ्ठीत ते आत ठेवल्याची तारीख, माझ्याच अक्षरात. त्या हिशेबाने काल फक्त सत्तावन्न दिवस झाले होते. मी तीनदा मोजले.

एक मार्चला कारखान्यात काम सुरू होणार. सर जूनमध्ये निवृत्त होतायत. बोलले तर त्यांची अब्रू जाईल आणि माझी नोकरी. गप्प बसले तर कुणाच्या बाळाच्या पोटात काय जाईल, देव जाणे. काय करू?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ठकू

११ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

बाह्या दुमडता येतात, हे तुला सुचत नाही. सही मात्र लगेच सुचते. मी तुझ्यावर चिडले आहे, हे आधीच सांगून टाकते.

आता माझं ऐक. हॉस्पिटलात नर्स असताना मी एकदा एका म्हाताऱ्याचा ताप न बघताच तक्त्यावर मागच्या खेपेचा आकडा लिहिला. माझे पाय मोडून आले होते आणि तो गाढ झोपला होता. त्याला काही झालं नाही. चार दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी गेला, वर माझे आभारही मानून गेला. वीस वर्षं झाली. माझ्या हातात जे दगावले त्यांच्यातले कितीतरी चेहरे पुसले गेले, त्याचा नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आतोबांनासुद्धा.

आधी सरांनाच गाठ, पाठीमागून जाऊ नकोस. त्यांनी ऐकलं नाही तर वर जा. नोकरी गेली तर माझ्याकडे ये. उपाशी ठेवणार नाही, टोमणे मात्र रोज मिळतील.

उलट टपाली कळव, माझा जीव टांगणीला लागलाय.
तुझी,
आत्या

२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी सरांनाच गाठलं. ते रागावले नाहीत, तेच वाईट झालं. म्हणाले, तीस वर्षं असे थर करतोय, हा टिकणार हे मला बोट लावून कळतं. आणि डबे दुकानात जाईपर्यंत नव्वद दिवस भरलेच असते. मग म्हणाले, की न वाचता सही करायची सवय तुला मीच लावली.

मी वर जाऊन सांगितलं. कारखान्यातलं काम थांबलं. सरांना घरी बसायला सांगितलंय. माझा सहीचा अधिकार काढून घेतला. डबे तसेच ओव्हनमध्ये आहेत, नऊ मार्चला नव्वद भरतील. जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारी कुणी बसत नाही.

आत्या, खरं सांगते, थर निघून यावा असं मला वाटतं. म्हणजे मी बरोबर ठरेन. बाळांच्या डब्याचं वाईट चिंतणारी बाई झाले मी.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी,
ठकू

२६ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

वाटणारच. तुझ्यासाठी मलाही क्षणभर तेच वाटलं, मग मी स्वतःलाच दटावलं. शेजारची खुर्ची रिकामी असेल तर तिच्यावर पर्स ठेव आणि पोटभर जेव.

थर राहो की जावो, सरांना तूच जाऊन सांग. दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळता कामा नये.

सगळे आशीर्वाद तुलाच.
तुझी,
आत्या

१२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

थर टिकला. बाराच्या बारा डबे कापून भिंगाखाली पाहिले, एक चीर नाही. उगाच एका म्हाताऱ्या माणसाला घरी बसवलं, असं तोंडावर कुणी म्हटलं नाही; पण सगळे माझ्याकडे तसंच बघत होते. सरांनी आठवड्यापूर्वीच राजीनामा पाठवला होता आणि तो मंजूरही झाला होता.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. जिन्यातून दोनदा परत फिरले. दार त्यांनीच उघडलं. थर टिकला, एवढंच मी सांगू शकले. वाटलं, आता माझ्या तोंडावर दार लावतील, आणि लावलं असतं तरी मी काही म्हणाले नसते.

त्यांनी विचारलं, किती दिवस. मी नव्वद म्हणाले. मोजले कुणी, असं विचारलं. मी म्हणाले, मी. त्यांनी दाराची कडी सोडली. मग बाजूला झाले आणि मला म्हणाले, की आत ये, बोट लावून मला नुसतं वाटत होतं, आता खात्री झाली.

आत्या, मी तिथे खूप रडले. अजून काय लिहू?

तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी,
ठकू