चुकीच्या नावांचा उन्हाळा

१४ जून. सकाळी ढगाळ, मग लख्ख.

चढले! ओबिने डोंगराच्या पहिल्या कुरणापर्यंत, स्वतःच्या पायांनी, मध्ये एकदाच बसून — तेही बुटाची नाडी सुटली म्हणून. (वहीत तरी खरं लिहावं. दम लागला म्हणून.)

नवरा, शुइची, माझ्या पुढे. मेंदूत रक्ताची गाठ होऊन गेलेला माणूस तो, आणि धापा टाकतेय मी! त्याच्या पायांना काही झालेलंच नाही. गेलं ते बोलणं. त्यातही नावं. चमचा, टोपी, बायको — सगळ्यांना मिळून एकच शब्द: "ते." औषधांच्या दुकानात उभं आयुष्य काढलं. शेल्फाकडे न बघता बाटल्यांची नावं घडाघड सांगायचा. आता चहा हवा असला की म्हणतो, ते. टीव्ही बंद करायचा असला तरी ते. मी दोन्ही गोष्टी करते. एक बरोबर निघते.

डॉक्टर म्हणाले, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं. गाठ झाली गेल्या ऑक्टोबरात. आणि ऑक्टोबरात ओबिनेवर बर्फ पडून वाट बंद होते. म्हणून, डोंगराचं नाव काढताच जिचे पाय दुखायला लागतात त्या मी, फुलं बघायला डोंगर चढणाऱ्या फूल मंडळात नाव घातलं. चमच्याशी त्याचं कधीच काही देणंघेणं नव्हतं. डोंगरावरच्या फुलांशी होतं — दर रविवारी, एकटा, पाठीला भाताचे गोळे बांधून. नावं यायचीच असतील तर त्या वाटेने येतील.

लोकांसमोर मी त्याला 'अहो' म्हणते. इथे 'तो'. वहीची काही हरकत नाही.

१५ जून.

गुडघे. आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

२८ जून. ऊन.

मंडळाची चालण्याची एक शिस्त आहे. सर्वांत पुढे फुरिहाता सर — निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे, चाल माझ्या निम्म्या वयाची. त्यांच्या पाठोपाठ सगळ्यात संथ माणूस, म्हणजे ओघाने मी. सर्वांत मागे मोमोसेबाई, कमरेला अस्वलांना लांब ठेवणारी घंटा, गळ्यात तोफेएवढा कॅमेरा. फूल दिसलं की सर थांबतात, सगळे गुडघे टेकतात, सर नाव सांगतात, सगळे "अच्छा" म्हणतात. देवळातसुद्धा एवढं वाकत नाही कोणी.

शुइचीशी सगळे फार अदबीने वागतात. मोमोसेबाई म्हणाल्या, तुमच्या यजमानांचं मौन किती प्रसन्न आहे! मी म्हटलं, हो ना, आठ महिने झाले, कंटाळा कसा तो नाही. त्या दचकल्या, मग वाकून हसल्या. साप्ताहिकात टवाळीचं सदर लिहिणाऱ्या बाईशी काय बोलावं हे या खोऱ्यात अजून कोणाला ठरवता आलेलं नाही.

दवाखान्यातल्या वाचा शिकवणाऱ्या कामिजोबाईंनी सांगून ठेवलंय — नाव हळू घ्या, पुन्हा घ्या, मागे लागू नका, चुका काढू नका. तसंच करते. फूल दाखवते, नाव घेते, थांबते. तो मान डोलावतो. सभेत बक्षीस वाटणारा पाहुणा डोलावतो तशी.

५ जुलै. धुकं.

आज मी जिंकले! किनपोगे आणि किनबाई, दोन्ही पिवळी, दोन्ही जुलैची, दोन्ही मला आजवर एकाच आईची वाटायची. आज सरांनी विचारायच्या आधी सांगितलं. किनपोगेची पाकळी तेलाचं बोट फिरवल्यासारखी चकाकते. किनबाई मोठं, जाड, नारिंगीकडे झुकलेलं, आणि चकाकी नाही. सगळे "अच्छा" म्हणाले — मला! हरभऱ्याच्या झाडावर चढून घरी आले. शुइचीला जेवताना पुन्हा सगळं समजावलं. तो लोणच्याच्या वाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "ते."

१२ जुलै. ऊन, वारा.

वाटेतल्या विसाव्याच्या झोपडीच्या वरच्या वळणावर मंडळाने लावलेली पाटी आहे: 'किनबाई'. पाटीच्या पायाशी अख्खा उतार पिवळा. वाकून बघते तर पाकळ्या तेलकट, लखलखीत — किनपोगे! एक-दोन नव्हे, सगळा उतार. तोंड उघडणार तोच मोमोसेबाईंनी माझी बाही ओढली. मागे नेऊन कानात सांगितलं.

"किनपोगेच आहे ते, अकाहानेबाई. आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाटी सरांनी स्वतः रंगवलीय. सर सोबत असले की किनबाई म्हणायचं."

"आणि सर नसले की?"

"तेव्हा किनपोगे."

मी विचारलं, किती वर्षं चाललंय हे. त्या म्हणाल्या, त्या मंडळात आल्या तेव्हाही असंच होतं. म्हणजे आमच्या डोंगरावर एक फूल आहे जे माणूस बघून नाव बदलतं. माझ्या सदरासाठी सोन्याची खाण — आणि मी लिहू शकत नाही, कारण सर सदर वाचतात. सगळ्यांबरोबर मीही वाकून "किनबाई" म्हटलं. तोंडात मिठाची गुळणी धरली नाही, उलट साखरेची धरली.

शुइची माझ्याकडे बघत होता. विचित्र बघत होता.

१९ जुलै. निरभ्र!

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

पुन्हा तेच वळण, तीच पाटी. सरांनी काठीने दाखवलं, सगळे एका सुरात "किनबाई". शुइची रांगेतून बाहेर आला. पाटीसमोर उभा राहिला. चेहरा लालबुंद. मग आपली काठी पाटीवर आपटली आणि म्हणाला —

"नाही."

गेल्या ऑक्टोबरापासून 'ते' सोडून एक अक्षर न बोललेला माणूस! स्पष्ट, खणखणीत, दुकानात खोटी चिठ्ठी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचा तसं. मग खाली बसून एक फूल बोटाने उन्हाकडे वळवलं. पाकळी चमकली. "ते... नाही. नाही."

सगळं मंडळ गोठलं. अस्वलाची घंटासुद्धा वाजेना. आणि मी — सरांच्या अब्रूचा चुराडा होत असताना, सगळे जमिनीत तोंड लपवायला जागा शोधत असताना — मी मोठमोठ्याने हसत होते आणि रडत होते. सरांनी टोपी काढली, शुइचीसमोर कमरेत वाकले, आणि उतरायला लागले.

२० जुलै. उकाडा.

संध्याकाळी सर दारात. या उकाड्यात कोट, टाय, हातात जर्दाळूंची परडी. मी माफीची भाषणं मनात जुळवत होते. सरांनी शुइचीसमोर बैठक मारली आणि आभार मानले.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाटी चुकलीय हे माझ्या लक्षात येऊन बरीच वर्षं झाली, अकाहानेबाई. पण तोवर सगळेजण इतक्या आपुलकीने किनबाई म्हणायला लागले होते. मी दुरुस्त केली असती तर तुम्ही सगळे तोंडघशी पडला असता."

म्हणजे इतकी वर्षं सर मंडळाला सांभाळून घेत होते, मंडळ सरांना, आणि दोघांच्या मध्ये बिचारं एक पिवळं फूल! हसू दाबता दाबता चहा सांडला. शुइचीने जर्दाळू खाल्ला. सरांनी दुसरा दिला. दोघांचं छान जमलं.

झोपताना एक विचार आला. प्रेमाने घेतलेली खरी नावं शेकड्यांनी वाया गेली. एका खोट्या नावावर तो उसळला. मग?

२ ऑगस्ट. ऊन.

मग मी खोटं बोलायला लागले! उसुयुकी — पांढरं, लोकरी, जसं काही पायमोजातून कापलेलं — त्याला म्हटलं कोबी. "नाही." काळ्या लिलीला, जिचा वास ओल्या कुत्र्याचा, म्हटलं गुलाब. "नाही, नाही!" दिवसभर नाही-नाही-नाही. एवढा सुंदर नकार लग्नानंतर ऐकला नव्हता.

खोटं बोलायचं तर आधी खरं माहीत हवं. म्हणून आदल्या रात्री पुस्तक घोकून जाते. लबाडीत इतका अभ्यास असतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

९ ऑगस्ट. ऊन, दुपारी गडगडाट.

मंडळाला विनंती केली: कृपया माझ्या नवऱ्याशी खोटं बोला. सर म्हणाले, प्रयत्न करू. हा देशातला सर्वांत सभ्य घोळका, आणि त्यांना खोटं बोलताना बघणं म्हणजे! मोमोसेबाईंनी खडीतल्या गुलाबी कोमाकुसासमोर आधी हात जोडले, फुलाची क्षमा मागितली, आणि पुटपुटल्या, "ही... कांद्याची पात असावी का?" शुइचीने इतक्या मायेने "नाही" म्हटलं की बाईंचे डोळे भरले.

सर मात्र रंगले. वर्गातला आवाज लावून किनपोगेच्या उतारावर सूर्यफुलाच्या शेतीवर व्याख्यान दिलं. मागून टोकियोहून आलेला एक गट थांबला. कोणीतरी टिपून घेतलं. कोणी हरकत घेतली नाही! एका गृहस्थाने वाकून आभारही मानले. ते वळणाआड गेल्यावर आपण काय करून बसलो ते सरांना कळलं आणि हा ऐंशी पार केलेला माणूस टोपी धरून त्यांच्या मागे पळाला.

नवी पाटी बसवली. 'किनपोगे'. खिळे शुइचीने ठोकले.

२४ ऑगस्ट. पाऊस.

दवाखाना. कामिजोबाई खूश — 'नाही' येतंय, लय येतेय, चेहरा उजळलाय. मी म्हटलं, नाव? त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, नाकारणं आणि नाव घेणं या वेगळ्या वाटा असतात. एक उघडली म्हणजे दुसरी उघडेलच असं नाही. छान समजावून सांगतात. असं कोणी इतकं छान समजावून सांगू नये.

३० ऑगस्ट.

दिवसभर खोटं बोलले. "नाही." "नाही." बस्स.

१३ सप्टेंबर. गार वारा.

आज 'नाही'सुद्धा नाही. निळ्या घंटीच्या रिंदोला म्हटलं वांग्याचं फूल. त्याने माझ्याकडे बघितलं, हसला, माझ्या पाठीवर थोपटलं, आणि पुढे चालायला लागला. लहान पोर "मी वाघ!" म्हणत अंगावर आलं की थोपटतात तसं. झोपडीत मिसोचं सार पितानाही गालातल्या गालात हसत होता. मी चिडले. मी इथे जीव तोडून खोटं बोलतेय आणि याला गंमत सुचतेय!

मोमोसेबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षीही फुलं येतीलच की. येतील. हातातला भाजी भरलेला ओयाकीचा गोळा संपवला. आतली पालेभाजी कडू लागली — करणाऱ्याची काही चूक नसावी.

उत्तरेकडच्या शिखरांवर सकाळी पांढरं दिसलं.

२७ सप्टेंबर. कडक ऊन, बोचरी थंडी.

या वर्षीची शेवटची चढाई. आज खोटं बोलायचं विसरले. वरच्या धारेवर चिंगुरुमाची पानं लाल झालीत, फुलांच्या जागी रेशमी पिसं वाऱ्यावर. आता मला चिंगुरुमा झोपेत उठवून दाखवलं तरी ओळखता येतं. मोमोसेबाईंना खडीतला एक झुपका दाखवून मोठ्या तोऱ्यात म्हटलं, इथलं चिंगुरुमा बघा, अजून लाल व्हायचंय.

मागून आवाज आला. "चोनोसुके."

वळले. शुइची माझ्या खांद्यावरून वाकला होता.

"चोनोसुके-सो. पान बघ."

बघितलं. पिसं तीच, हुबेहूब. पण चिंगुरुमाचं पान पिसासारखं चिरलेलं, आणि हे अखंड, कडेला गोल दाते, खालून पांढरं. सर तिथेच खडीत बसले. ओबिनेवर हे फूल मंडळातल्या कोणी कधी पाहिलं नव्हतं.

मी खोटं बोलत नव्हते. मी खरंच चुकले होते.