लॅचचं दार

आई, मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे. मी लहान असताना हट्टाने जमिनीवर अंग टाकायचे, तेव्हा तुझ्या मनात काय चालायचं? तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते. त्या वयात आईला असलं काही विचारायचं सुचत नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, "तू लई शहानी हुतीस." ते खरं नाही, हे मला पक्कं आठवतंय.

तुझी नात आता साडेचार वर्षांची आहे. दीड वर्षाची असताना ती भिंतीवर डोकं आपटायची, कारण पाणी निळ्या ग्लासात हवं असायचं आणि निळा ग्लास हातात दिला की तोही नको असायचा. डॉक्टर म्हणाले, बोलायला लागली की कमी होईल. बोलायला लागली आणि अडीचव्या वर्षी रडता रडता श्वास धरायला लागली. ओठ निळे पडायचे, डोळे वर जायचे, मग एकदम श्वास परत यायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घाबरू नका, थोडी मोठी झाली की आपोआप जाईल. ते गेलंही. तिसऱ्या वर्षी तिने भाजी बाजारात, भर गर्दीत, गाडीवाल्याच्या पायाशी लोळण घेतली आणि मी मेथीची जुडी हातात धरून नुसती उभी राहिले. आता ती लोळत नाही. आता ती माझ्याकडे बघत वस्तू फेकते आणि म्हणते, "तू मला आवडतच नाहीस." प्रत्येक वेळी मला सांगितलं जातं की हे या वयाचं आहे. वय पुढे सरकतं आणि रागही तिच्याबरोबर नवं काहीतरी शिकून येतो.

मी एमआयडीसीत एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघते. टाकीतलं तापमान, दाब, प्रवाह ठरल्या जागी ठेवायचं काम. तिथला पहिला धडा असा की काटा हलला म्हणून लगेच व्हॉल्व्ह फिरवायचा नाही. घाई केली की काटा उलट्या बाजूला जातो, मग आपण पुन्हा फिरवतो, आणि सगळी यंत्रणा हेलकावे खायला लागते. हे मी नव्या मुलांना शांतपणे शिकवते. घरी मात्र मी आधी समजावते, मग ओरडते, मग मोबाईल हातात देते, मग तो काढून घेते, हे सगळं एकाच रडण्यात. नवरा चाकणला असतो, शनिवारी येतो. त्याच्यासमोर ती सहसा चिडत नाही. सासूबाई तिसगावहून फोन करतात आणि म्हणतात, "पोरगी माझ्याकडं दे. हितं चार मानसं हायेत, शेळ्या हायेत, आंगन हाय. तिथं त्या डब्यात कोंडून ती काय करंल? तुझीबी नोकरी नीट व्हईल." त्या टोमणा मारत नाहीत, खरंच मदत करायची म्हणून म्हणतात. म्हणूनच मला नाही म्हणणं जड जातं.

मला माझा स्वतःचा एकच हट्ट नीट आठवतो. शिंगणापुरातलं आपलं घर, शनिवार, रस्त्यावर दर्शनाला आलेल्यांची रीघ. दाराच्या चौकटीला नेहमीसारखा पडदा, तोही वर खोचलेला. मला समोरच्या दुकानातली प्लास्टिकची शिट्टी हवी आहे आणि तू नाही म्हणाली आहेस. मी आत फरशीवर पाय आपटतेय. तू उठतेस, बाहेर ओट्यावर जाऊन बसतेस आणि माझ्याकडे पाठ करून रुईच्या माळा ओवायला लागतेस. कोणीतरी बाई थांबून म्हणते, "अहो, पोरगी रडतीय ना आत." तू मान वर न करता म्हणतेस, "रडू द्या. झालं की ईल भाईर." शेजारच्या काकू सरळ घरात येतात, मला ओलांडून हंड्यातलं पाणी घेतात, "गळा बरा हाय गं हिचा, भजनात बशीव," म्हणत परत जातात. मी रडून थकते आणि बाहेर येऊन तुझ्या पाठीला टेकते. तू ओवत राहतेस. संध्याकाळी मात्र तू त्या सगळ्या माळा उसवून पुन्हा ओवल्यास. पानं उलटसुलट लागली होती. तुझा हात इतका बसलेला होता, तुझ्याकडून असं कधी व्हायचं नाही.

परवा, गुरुवारी संध्याकाळी, मी तुझ्यासारखंच करायचं ठरवलं. वरणाचा कुकर गॅसवर होता. लेकीने कणकेचा गोळा भिंतीवर मारला, मग पोळपाट खाली टाकला, मग माझ्या दंडाला चावली. माझा हात वर गेला. तो तसाच खाली घेऊन मी बाहेर पडले, जिन्याच्या पायरीवर बसले आणि दार मागे ओढून घेतलं. खटका बसल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं. तुझ्या ओट्याच्या मागे दार नव्हतं, आई. माझ्या मागे लॅचचं दार होतं आणि किल्ली आत होती.

वरच्या मजल्यावरच्या काकू आवाजाने खाली आल्या. "काय झालं गं? रोजचंच की आज काही वेगळं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "इंजिनिअर ना तू? किल्ली न घेता लॅचचं दार ओढतं का कुणी?"

"आमच्याकडे दारंच नव्हती," मी म्हणाले.

"म्हणजे?" मग त्यांना आठवलं. "अगं बाई, शिंगणापूरची नाही का तू! आता काय बोलावं तुला?" आणि त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "अहो, स्कूटर काढा, चावीवाल्याला घेऊन या. आधी या, मग चहा प्या."

आत तिला लॅचची मूठ फिरवता येत नव्हती. बोटांत तेवढी ताकद नाही. ती किंचाळत होती, "तू गेलीस! तू गेलीस!" मी म्हणत होते, मी इथेच आहे, आणि ती म्हणत होती, "खोटं." कुकरची शिट्टी झाली. पुन्हा झाली. मी गळ्यातली ओढणी काढली आणि तिचं टोक दाराखालच्या फटीतून आत सरकवलं. आतून हिसका बसला. मग तिने ती ओढायला सुरुवात केली, सगळा राग त्या ओढणीवर काढत, आणि मी इकडून घट्ट धरून राहिले. "सोडायची नाही हं," मी म्हणाले. "स्वयंपाकघरात जायचं नाही. ओढ. अजून ओढ." ती दारापाशीच राहिली. चावीवाल्याने दार उघडलं तेव्हा वरण करपून घरभर धूर झाला होता, आणि ती ओढणी कवटाळून, ओल्या चड्डीत, दाराच्या आड उभी होती. मी गॅस बंद केला आणि तिला उचललं. तिने मला पुन्हा चावायचा प्रयत्न केला आणि मग खांद्यावर डोकं टाकलं.

काकूंनी माझ्या नवऱ्याला फोन केला, त्याने तिसगावला केला. उद्या रविवारी सासूबाई तिला न्यायला येणार आहेत. नवरा तिचे कपडे काढून ठेवतोय. म्हणतो, थोडे दिवस जाऊ दे, तुलाही विश्रांती. ती शेजारी बाहुलीला दटावतेय, अगदी माझ्या आवाजात.

मी उद्या नाही म्हणणार आहे. सगळे कारण विचारतील. माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नाही. परत असं होणार नाही, असंही मी सांगू शकत नाही. पुढच्या वेळी काय करायचं, ते मला अजून माहीत नाही.

खरं कारण फक्त इथे लिहिते, आणि हा कागद कुठेही जाणार नाही. खटका पडल्यावर, कुकरची आठवण होण्याआधी, एक क्षण असा होता की ती आत किंचाळत होती, मध्ये दार होतं, आणि मला बरं वाटलं होतं. ती तिसगावला गेली तर मला तसंच बरं वाटत राहील, याची मला भीती वाटते.