तात्यांवरचं गाणं

१४ नोव्हें.
उठले तर फोन नुसता वाजतोय. काटेवाडीच्या शेडमध्ये घामाने निथळत म्हटलेलं आमचं रॉक अँड रोल पार दिल्ली-गुवाहाटीपर्यंत गेलंय. इर्शादने, म्हणजे आमच्या ड्रमरने, परवा सहज नेटवर टाकलं होतं. 'आवाज खाली!' हे तात्यांचं वाक्य. त्यांनी माझी गिटार पाटात फेकली, त्यावरचं गाणं. आता अख्खा देश माझ्या वडिलांसारखा ओरडतोय. बारामतीच्या रूमवर आम्ही नाचलो. कळंबला घरी फोन करायचा राहिलाच.

२ डिसें.
मुंबईच्या कंपनीशी तीन वर्षांचा करार. सगळं तिथल्या नेहा मॅडम बघणार. वादकही कंपनीचेच. इर्शादला सांगितलं तर म्हणाला, "जा की. आमी हाय हितंच." मग ड्रम बांधत बसला. माझ्याकडे बघेना.
सही केली. बँडबद्दल विचारायला हवं होतं, पण...

२० डिसें.
टीव्हीवर मुलाखत. हिंदीत विचारलं, वडिलांनी खरंच गिटार फेकली? हो म्हणाले. सगळे हळहळले.
पुढचं नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच कमरेएवढ्या पाण्यात उतरले, गिटार काढली, पत्र्यावर वाळवली. बारामतीला कॉलेजात घालायलाही तेच आले. गाणं मी रागात लिहिलं. राग जिथं संपला, तिथं कडवं संपलं.

९ जाने.
कळंब. तात्या डेअरीला जायचे बंद झालेत. आई म्हणाली, "किटली खाली ठेवली की मागनं कुणीतरी वरडतं, 'आवाज खाली!' अन् सगळी हसत्यात. आता मीच जाती."
तात्यांनी मला एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

१७ जाने.
तात्यांनी पाण्यातून गिटार काढल्याचं कडवं लिहिलं. चांगलं जमलंय. मॅडमना ऐकवलं.
"गोड आहे गं. पण फेकली, बास. लोकांना तेवढंच हवंय."
कंपनीला विचारल्याशिवाय एक शब्दही बदलायचा नाही, असं करारात आहे. मी तेव्हा वाचलंच नव्हतं.
आज इंदूरला कार्यक्रम. होतं तसंच म्हटलं. वन्स मोअर आला. परत म्हटलं.

३ फेब्रु.
गाण्याच्या व्हिडिओसाठी शूटिंगवाले घरी. तात्यांनी कॅमेऱ्यासमोर गिटार पाटात फेकायची! मला विचारलंच नाही, मॅडमनी थेट त्यांनाच फोन केला होता.
"तात्या, नका करू."
"पोरीचं काम हाय न्हवं? मग फेकतो की."
इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. तो काढायला लावला, मळकी बंडी दिली. पाच वेळा फेकली. शूटिंगवाले म्हणतात, चेहऱ्यावर राग दिसत नाही. कसा दिसणार, तात्या प्रत्येक वेळी आधी वाकून पाणी किती आहे ते बघायचे.
डायरेक्टर माझ्या कानाशी म्हणाला, त्यांना राग येईल असं काहीतरी बोल.
बोलले. काय ते इथं लिहीत नाही.
सहाव्यांदा बरोबर आलं.

४ फेब्रु.
इर्शादला फोन लावला. काल तात्यांना काय बोलले ते सांगितलं. "तू बोललीस?" एवढंच म्हणाला.

५ फेब्रु.
सकाळीच क्लिप आली. तात्यांनी फोन लांब धरून बघितली. परत लावून मागितली.
"लई वाईट दिसतोय का गं मी?"
"न्हाय, तात्या."
"मग हो म्हणून पाठवून दे."
क्लिपखाली मॅडमचा मेसेज: उद्या सगळीकडे टाकतोय, फक्त तुझं ओके हवं. खाली दुसरा: नाही म्हणायचं असेल तर आधी करार वाचून बघ.
'नाही' टाइप केलंय. अजून पाठवलेलं नाही. मॅडमचा फोन येतोय. तात्या म्हणतात, "उचल की. ताटकळत असतील."